बासरीतली ओल: येते कुठून, थांबते कुठे आणि घालवायची कशी

बासरी वाजवून झाल्यावर तिचं खालचं टोक जमिनीकडे केलं की पाण्याचे दोन-चार थेंब टपकतात. नवीन शिकणारी मुलं ओशाळतात, कारण त्यांना ती आपली थुंकी वाटते. थोडी थुंकी त्यात असतेही, पण बहुतेक पाणी श्वासातल्या वाफेचं असतं आणि ते येणारच. वादक कितीही कसलेला असो, कोरडी फुंक कुणाच्याच छातीत नसते. त्यामुळे फुंकून वाजवायच्या लाकडी किंवा बांबूच्या वाद्यात ओल येऊच द्यायची नाही, हा हट्ट धरण्यात अर्थ नाही. आलेली ओल आत किती वेळ राहते आणि जाते तेव्हा किती झपाट्याने जाते, या दोन गोष्टींवर वाद्याचं आयुष्य ठरतं. पावसाळ्यात बुरशी धरते ती ओल राहिल्यामुळे, उन्हाळ्यात चीर पडते ती ओल एकदम उडाल्यामुळे. एवढं लक्षात आलं की बाकीची पथ्यं पाठ करावी लागत नाहीत, ती आपोआप सुचतात.

श्वासात पाणी किती?

फुप्फुसातून बाहेर पडणारी हवा साधारण ३४ अंश सेल्सिअसची असते आणि बाष्पाने जवळजवळ काठोकाठ भरलेली असते. या तापमानाच्या हजार लिटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा २५ अंशाला आली की तिच्यात २३ ग्रॅमच मावतं. उरलेलं पाणी ज्या थंड पृष्ठभागाने हवेला गार केलं त्याच्यावरच जमतं, म्हणजे वाद्याच्या आतल्या भिंतीवर. हिशेब केला तर शंभर लिटर फुंकीमागे जवळपास दीड ग्रॅम पाणी सुटतं. सभागृहातला एसी जोरात असेल आणि वाद्य १८ अंशावर असेल, तर हाच आकडा दोन ग्रॅमच्या पुढे जातो.

क्लॅरिनेट, सनई, सॅक्सोफोन यांत सगळा श्वास नळीतूनच जातो, म्हणून त्यांत पाणी जास्त होतं. बासरीत फुंकीचा बराचसा भाग भोकाच्या कडेवर आपटून बाहेरच निसटतो. तरी बासरी ओली होतेच, आणि सगळ्यात ओली होते ती फुंकेच्या भोकापासून बोटांच्या पहिल्या दोन-तीन भोकांपर्यंत. नेमका हाच भाग उघड्या टोकापासून सर्वांत लांब असतो आणि त्याच्या मागे बूच असतं. तिथली ओल वाऱ्याने वाळेल या भरवशावर राहू नये.

या हिशेबातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. वाजवताना सर्वाधिक पाणी पावसाळ्यात होत नाही. पावसाळ्यात हवा दमट असली तरी उबदार असते, त्यामुळे नळीची भिंत फार गार नसते. वाजवताना खरी धार लागते ती एसी सभागृहात आणि दिवाळी पहाटेच्या मैफलीत. पुण्यात उघड्या मैदानावर पहाटे साडेपाचला पंधरा-सोळा अंशांत क्लॅरिनेट सुरू करून बघा, पहिल्या दहा मिनिटांतच एखाद्या भोकातून गुरगुर ऐकू येईल. पावसाळ्याचं दुखणं वेगळं आहे. जमलेलं पाणी थोडंच असतं, पण बाहेरची हवाच भरलेली असल्यामुळे ते वाळता वाळत नाही.

लाकूड काय करतं या पाण्याचं?

पावसाळ्यात घराचं दार फुगून चौकटीत अडकतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. नीट पाहिलंत तर ते रुंदीला अडकतं, उंचीला क्वचितच. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि वाळून आकसतं ते तंतूंना आडवं. तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीला, होणारा बदल नगण्य असतो. पूर्ण ओलं लाकूड पूर्ण वाळवलं तर लांबीत फार तर ०.१ ते ०.२ टक्के फरक पडतो. आडव्या दिशेने तोच फरक लाकडाच्या जातीप्रमाणे तीन टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच वाद्याला चीर पडते ती नेहमी लांबीच्या दिशेने, वरून खाली. आडवी चीर दिसली तर समजावं, वाद्य कुठेतरी पडलंय किंवा आपटलंय.

हवेत जेवढी आर्द्रता त्या मानाने लाकूड स्वतःत पाणी ठेवून घेतं. आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी असतं. नव्वद टक्के आर्द्रतेला ते २० टक्क्यांच्या आसपास जातं आणि तीस टक्क्यांना सहावर उतरतं. रत्नागिरीतला जुलै आणि अकोल्यातला मे यांच्यात लाकडाच्या दृष्टीने एवढं अंतर आहे. मात्र बदल सावकाश झाला, दोन-तीन महिन्यांत सगळ्या जाडीभर सारखा झाला, तर लाकूड तो निमूटपणे सोसतं. घात होतो तो आतल्या आणि बाहेरच्या थरांत एकाच वेळी फार फरक पडला की.

क्लॅरिनेटचं उदाहरण घेऊ. चांगली लाकडी क्लॅरिनेट ज्या काळ्या लाकडाची असते ते टांझानिया आणि मोझांबिकमध्ये वाढणारं, आपल्या शिसवाच्याच कुळातलं झाड. लाकूड इतकं घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं. घट्ट असल्यामुळे ते पाणी सावकाश पितं, आणि हाच गुण कधीकधी अंगाशी येतो. वाजवताना आतला थर ओला आणि गरम होऊन पसरू पाहतो, बाहेरच्या थराला मात्र त्याचा पत्ताच नसतो. बाहेरचा थर थंड आणि कोरडा असेल तर तो ताणला जातो आणि उकलतो. चीर बहुधा वरच्या भागात पडते, कारण तिथेच ओल जास्त आणि जवळजवळ पाडलेली भोकंही जास्त. नवी क्लॅरिनेट किंवा लाकडी रेकॉर्डर (पाश्चात्त्य उभी बासरी) घेतल्यावर पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवा, असं सांगतात ते यासाठीच. पाण्याला सगळ्या जाडीत सावकाश मुरायला वेळ द्यायचा. नव्या वाद्याचा उत्साह आवरणं कठीण असतं हे मान्य, पण पहिल्याच आठवड्यात तीन-तीन तास रियाज करण्याइतकी महागडी हौस दुसरी नाही.

बांबूची रचना वेगळी आहे. लाकडात गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या आडव्या पेशींच्या वाटा असतात, बांबूत त्या नसतात. वरून सिलिका आणि मेणाची कडक चकाकती साल. त्यामुळे बांबू पाणी घेतो आणि सोडतो ते आतल्या भिंतीतून, दोन्ही टोकांतून आणि भोकांच्या कच्च्या कडांतून. बासरी तडकते ती बहुतेक वेळा वाळताना, आणि चीर सुरू होते टोकापासून किंवा भोकाच्या कडेपासून. बासरीवर जागोजागी घट्ट गुंडाळलेला दोरा शोभेचा नसतो. बांबू उकलू पाहतो तेव्हा तोच त्याला आवळून धरतो. उन्हाळ्यात बांबू आकसला की हा दोरा सैल पडतो, नेमका जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा. मार्च महिन्यात एकदा दोऱ्यावरून अंगठा फिरवून पाहावा. दोरा सरकत असेल तर तो पुन्हा बांधून घ्यावा.

वाजवण्याआधी आणि वाजवताना

चहा, पान, गोड काहीही खाऊन लगेच वाद्य तोंडाला लावू नये. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. साखर आणि अन्नाचे कण आत गेले की बुरशीला खाऊ मिळतो आणि चाव्यांखाली भोकं झाकणाऱ्या मऊ गाद्या, म्हणजे पॅड, चिकट होतात.

दुसरं काम वाद्य उबदार करण्याचं. ते बाहेरून करावं. बासरी किंवा क्लॅरिनेटचा वरचा भाग दोन्ही तळहातांत धरून, काखेत धरून, शालीत गुंडाळून पाच-दहा मिनिटं ऊब द्यावी. थंड वाद्यात नुसती गरम हवा फुंकत राहिलं तर आतली बाजू आधी गरम आणि ओली होते आणि बाहेरची थंडच राहते. वर सांगितलेला ताण आपणच तयार करतो. शिवाय वाद्य उबदार असलं की पाणी कमी जमतं आणि सूरही जागेवर राहतो. हवेचं तापमान दहा अंशांनी उतरलं तर फुंकवाद्याचा सूर सुमारे ३० सेंटनी उतरतो, म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. एसी सभागृहात तानपुऱ्याशी बासरी जुळत नाही म्हणून घामाघूम झालेले वादक आपण पाहतो. तिथे पाण्याचा आणि सुराचा, दोन्ही त्रासांचा उपाय एकच आहे: लवकर पोहोचा आणि वाद्याला ऊब द्या.

एसीतून बाहेर येतानाची काळजी मात्र फारसं कुणी घेत नाही. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसी गाडीतून बाहेर काढलेलं वाद्य बावीस अंशांचं असेल, तर पेटी उघडताक्षणी त्याच्या सगळ्या अंगावर दव जमतं. लाकडावर, पॅडवर, चाव्यांखालच्या पोलादी स्प्रिंगांवर, सगळीकडे. या स्प्रिंगा सुईएवढ्या बारीक असतात आणि गंज त्यांनाच आधी धरतो. गोव्यात, कोकणात, मुंबईच्या किनाऱ्यालगत खारी हवा त्यात भर घालते. म्हणून बाहेर आल्यावर पेटी अर्धा तास बंदच ठेवावी. आतलं वाद्य हळूहळू बाहेरच्या तापमानाला आलं की मग उघडावी.

वाजवताना भोकात पाणी अडकलं की स्वर गुरगुरतो. त्या भोकावर बाहेरून जोरात फुंकण्याची सवय अनेकांना असते. पाणी तेवढ्यापुरतं उडतं, पण आतली वाट ओलीच राहते आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. पाणी नळीत ठरलेल्या वाटेने ओघळतं. एकदा एखाद्या भोकाकडे वाट पडली की ते तिथेच जात राहतं. संधी मिळताच आतून कापड फिरवून ती वाट पुसून टाकायची. दोन बंदिशींच्या मध्ये वाद्य खाली ठेवताना भोकं वरच्या बाजूला राहतील असं ठेवायचं, म्हणजे पाणी भोकांत उतरत नाही.

वाजवून झाल्यावरची पाच मिनिटं

माझ्या मते ओलीचा निकाल या पाच मिनिटांत लागतो. महागडी पेटी, आयात केलेलं तेल, डिजिटल यंत्र हे सगळं याच्यापुढे दुय्यम.

बासरीसाठी बासरीपेक्षा लांब, गुळगुळीत काडी हवी. पन्नालाल घोष यांनी रागसंगीताच्या मैफलीत रुजवलेली साधारण ३२ इंची बासरी वाजवत असाल, तर वाद्यांच्या दुकानातली छोटी काडी पुरणार नाही, मुद्दाम लांब करून घ्यावी. टोकाला जुन्या मलमलची पट्टी गुंडाळायची, कारण नवं कापड पाणी ओढत नाही आणि टॉवेलसारखं कापड आत धागे सोडतं. पट्टी काडीच्या टोकावरून थोडी पुढे आलेली असावी, म्हणजे लाकूड लाकडावर घासत नाही. काडी उघड्या टोकातून आत घालून बुचाच्या अलीकडेपर्यंत न्यायची. बूच ढकललं गेलं तर बासरीचा सूर बिघडतो. म्हणून एकदाच मोजून काडीवर खूण करून ठेवावी आणि खुणेपलीकडे काडी जाऊ देऊ नये. आता काडी फिरवत-फिरवत बाहेर ओढायची. कापड काढून बघा: टोकाकडचा भाग चिंब आणि बाकीचा नुसता ओलसर दिसेल. कापडाची कोरडी बाजू वर करून पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा कापड कोरडं निघालं की झालं. फुंकेच्या भोकाची आतली कड कापडाच्या कोपऱ्याने टिपून घ्यावी.

क्लॅरिनेटचे भाग सुटे करायचे, पुढच्या कार्यक्रमाला तासाभराचाच अवकाश असला तरी. जोडाच्या ठिकाणी पाणी साचतं, बुचाचं अस्तर आणि त्याखालचं लाकूड फुगतं आणि जोड इतका घट्ट बसतो की जोर लावताना चाव्या वाकतात. स्वॅबचं, म्हणजे दोरीला वजन लावलेलं आतून पुसायचं, कापड पूर्ण उलगडून वजनाचं टोक नळीतून सोडून सावकाश ओढावं. वरच्या भागात आत एक छोटी धातूची नळी डोकावत असते, चोळामोळा झालेलं कापड तिथे अडकतं. अडकलं तर जोर लावू नये, आलं त्या वाटेने मागे घ्यावं. जोडांच्या खोबणी बोटावर कापड घेऊन टिपाव्यात. मुखपत्र, म्हणजे तोंडात धरायचा भाग, अधूनमधून कोमट पाण्याने धुवावं. गरम पाण्याने एबोनाइटचा (ज्या कडक रबराचं ते असतं त्याचा) काळा रंग हिरवट-तपकिरी होतो आणि परत येत नाही.

पॅड ही नाजूक बाब. आत नमदा आणि त्यावर जनावराच्या आतड्याचं अतिशय पातळ आवरण, अशी बऱ्याच क्लॅरिनेट आणि धातूच्या बासऱ्यांच्या पॅडची घडण असते. ओला पॅड फुगतो, सुकताना कडक होतो, शेवटी आवरण फाटतं. पॅड टिपायला सिगारेट वळायचा पातळ कागद घ्यावा आणि डिंकाची कड कापून टाकावी. कागद पॅडखाली सरकवून चावी हलकेच दाबायची, सोडायची, मग कागद काढायचा. चावी दाबलेली असताना कागद ओढला तर कागदाबरोबर आवरणही सोलून निघतं. कागदावर ओला गोल उमटला तर कोरडी जागा पुढे करून पुन्हा. सॅक्सोफोनचे चामडी पॅडही असेच टिपावेत.

सनईची आणि सुंदरी या सनईसारख्याच छोट्या सोलापुरी वाद्याची पत्ती, म्हणजे तोंडात धरायची थरथरणारी जिभली, वाजवण्याआधी ओली करावीच लागते, त्याशिवाय ती बोलत नाही. पण वाजवून झाल्यावर पत्ती काढून हवेशीर जागी सुकवायची. क्लॅरिनेटच्या रीडचंही तेच. हवाबंद डबीत ओली रीड ठेवली की पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत काळे ठिपके दिसू लागतात. ठिपके आलेली रीड टाकून द्यावी. बँड पथकांत किंवा शाळेत एकमेकांच्या रीड वापरण्याची पद्धत असेल तर ती बंदच करावी.

आणि पुसून झाल्यावर वाद्य लगेच पेटीत कोंडू नये. खोलीत, उन्हापासून आणि पंख्याच्या थेट झोतापासून दूर, तास-दीड तास मोकळं राहू द्यावं. ओलं कापड पेटीत ठेवणं म्हणजे पुसलेलं पाणी वाद्याला परत देणं. पेटीचं मखमली अस्तर ती ओल शोषून घेतं आणि आठवडाभर सोडत राहतं.

बुरशीला हलक्यात घेऊ नका

कुबट वास आला की बुरशी आहे असंच समजावं, डोळ्यांना दिसो न दिसो. आपण वाद्यात फक्त फुंकत नाही, फुंकींच्या मधला श्वास वाद्याच्या तोंडापाशीच घेतो. २०१६ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या एका ६१ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. ते रोज बॅगपाइप वाजवत. फुप्फुसाला आलेली सूज वर्षानुवर्षं वाढत गेली. मध्ये तीन महिने ते ऑस्ट्रेलियाला गेले, बॅगपाइप घरीच होती, आणि त्या काळात त्यांना पुष्कळ बरं वाटलं. नंतर वाद्याच्या आतल्या ओलसर भागांत अनेक प्रकारच्या बुरशी सापडल्या. २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं. डॉक्टरांनी वाद्यातली बुरशी हेच आजाराचं संभाव्य कारण मानलं. बॅगपाइपला हवेची पिशवी असते, त्यामुळे तिच्यात ओल साठायला जागा जास्त. बासरी एवढी धोकादायक नाही. पण सततचा कोरडा खोकला असेल आणि तुम्ही रोज फुंकवाद्य वाजवत असाल, तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

बिनरंगाच्या बासरीत बुरशीची पांढरी-करडी लव दिसली तर सर्जिकल स्पिरिटने जेमतेम ओलावलेल्या कापडाने आतून पुसून, पूर्ण सुकवून, दोन-तीन दिवस विश्रांती द्यावी. पॉलिश केलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या भागांना स्पिरिट लावू नये. पेटीचं अस्तर उन्हात वाळवावं, वाद्य नव्हे. डांबराच्या गोळ्या पेटीत अजिबात टाकू नयेत, ती वाफ थेट आपल्या श्वासात जाते. बासरीखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर ती बुरशी नव्हे, बांबूला भुंगा लागलाय. बांबूतल्या पिष्टासाठी तो येतो. अशी बासरी आधी बाकीच्यांपासून लांब ठेवायची आणि बनवणाऱ्याला दाखवायची.

ठेवायची कुठे?

लाकडी आणि बांबूच्या वाद्याला ४५ ते ६० टक्के आर्द्रता मानवते. ती मोजायला साधा हायग्रोमीटर पुरतो, पण स्वस्तातले हायग्रोमीटर दहा-दहा टक्के चुकतात. घरच्या घरी तपासता येतं. बाटलीच्या टोपणात मीठ घ्यायचं, ओलसर लगदा होईल इतकंच पाणी घालायचं, टोपण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत हवा राहील असं बंद करायचं आणि सात-आठ तास ठेवायचं. ओल्या मिठावरची हवा नेहमी ७५ टक्क्यांवर स्थिरावते. काटा ६८ दाखवत असेल तर आपलं यंत्र सात टक्के कमी सांगतं, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवावं.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर बासऱ्या टांगू नयेत, भिंतच ओल धरून असते. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा बरा. कोकणातल्या घरांत कपाटात छोटा पिवळा बल्ब लावून ठेवायची पद्धत होती, तिच्यामागे चोख विज्ञान आहे. २७ अंशाची नव्वद टक्के दमट हवा ३२ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता सत्तरच्या आत येते. आजचे एलईडी बल्ब तेवढे तापत नाहीत, त्यामुळे त्यांनी हे काम होत नाही. बल्ब असलाच तर वाद्य त्याच्यापासून हातभर लांब असावं.

सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, पुड्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. धातूच्या बासरीच्या किंवा सॅक्सोफोनच्या पेटीत पुड्या खुशाल टाका. लाकडी वाद्याच्या घट्ट बंद पेटीत मात्र ताज्या पुड्या टाकून विसरून जाऊ नका. त्या हवा फारच कोरडी करतात आणि भर पावसाळ्यात वाद्याला उन्हाळा दाखवतात. त्या कपाटात ठेवा आणि हायग्रोमीटरकडे लक्ष ठेवा. दाणे नारिंगीचे हिरवे झाले की ते भरले. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला लागतात. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे कोबाल्टचे असतात, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नेऊच नयेत.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे हा खरा परीक्षेचा काळ. दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, आणि संध्याकाळी त्याच खोलीत कूलर लागला की एकदम वर उडी मारते. कूलरच्या झोतात ठेवलेली बासरी रोज एकदा फुगते आणि एकदा आकसते. तिला कापडी पिशवीत, पिशवी लाकडी पेटीत, पेटी आतल्या कपाटात, असं थरांत ठेवावं. प्रत्येक थर बदलाचा वेग कमी करतो. फारच कोरडं असेल तर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवून ती डबी पेटीत एका बाजूला ठेवावी, वाद्याला टेकू देऊ नये. संत्र्याची साल ठेवायला सांगणारे भेटतात, पण तिला स्वतःलाच बुरशी येते.

मुंबई-पुण्याहून बासरी घेऊन टोरांटोला किंवा न्यू जर्सीला गेलेल्यांचा अनुभव याहून कडक असतो. उणे दहा अंशांची बाहेरची हवा घरात येऊन एकवीस अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपासच उरते. घरातल्या माणसांच्या श्वासाने, स्वयंपाकाने ती थोडी वाढते, पण ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारं यंत्र, नसेल तर पहिल्याच हिवाळ्यात बासरी तडकू शकते. विमानातली हवाही बहुधा वीस टक्क्यांखाली असते. प्रवासाआधी वाद्य नीट सुकवून घट्ट झिपच्या पिशवीत घालावं, म्हणजे आतली हवा तेवढे तास आहे तशी राहते. एरवी मी प्लॅस्टिकच्या पिशवीच्या विरोधात आहे, प्रवास एवढा अपवाद.

तेल

तेलाने लाकूड जलरोधक होत नाही. पाण्याची ये-जा फक्त मंदावते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. बासरीला मोहरीचं किंवा गोड बदामाचं तेल वापरतात, दोन्ही चालतात. खोबरेल मी टाळतो, ते २४ अंशांखाली थिजून आत थर धरतं. जवसाचं तेल वाळून कडक पापुद्रा बनवतं, ते वारंवार लावलं तर नळीचा आतला व्यासच बदलत जातो.

वाजवल्यावर लगेच तेल लावू नये. ओल्या लाकडावर तेल लावलं की ओल आत कोंडली जाते. एक दिवस विश्रांती दिलेल्या वाद्याला, कापडावर चार-पाच थेंब घेऊन आतून हलका हात फिरवायचा, भोकांच्या कच्च्या कडा आणि दोन्ही टोकं विसरायची नाहीत, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी जास्तीचं तेल पुसून काढायचं. बांबूच्या वरच्या सालीला तेल चोळून फक्त हात बुळबुळीत होतात. क्लॅरिनेटला तेल लावताना प्रत्येक पॅडखाली कागद घालावा, कारण तेल लागलेला पॅड गेलाच. कोरड्या महिन्यांत दोन-तीन वेळा, पावसाळ्याच्या आधी एकदा, एवढं पुरे. बासरीतून तेल गळताना दिसलं तर ते प्रेम जरा जास्त झालंय.

चीर दिसलीच तर

आधी वाजवणं थांबवा. चिरेत गेलेली ओल तिला आतून उघडत नेते. चीर केसाएवढी असेल तर तिच्या दोन्ही टोकांपलीकडे एकेक इंचापर्यंत नायलॉनचा दोरा घट्ट, वेटोळ्याला वेटोळं लागून गुंडाळा आणि चिरेचं टोक कुठपर्यंत आहे त्याची पेन्सिलने खूण करा. तेल लावू नका, तेलकट चिरेला नंतर डिंक धरत नाही. घरी असलेला झटपट चिकटणारा डिंक ओतायचा मोह होतो, पण चीर भोकातून जात असेल तर तो आत ओघळून भोकाची कड बिघडवतो. खूण केलेलं वाद्य मध्यम आर्द्रतेच्या जागी आठवडाभर ठेवा. पुष्कळदा चीर आपोआप मिटल्यासारखी दिसते, ती भरलेली नसते, नुसती बंद झालेली असते. तशाच अवस्थेत ते कारागिराकडे न्या आणि चीर कोणत्या दिवशी, कोणत्या हवेत, वाजवताना की ठेवलेलं असताना दिसली, हे त्याला सांगा. आतून भरायची, पिन घालायची की नुसता दोरा पुरेल, हे तो त्यावरून ठरवतो.